चांदवडच्या शेवंताबाई

नाशिक, रविवार, संध्याकाळ

सिनेमा पाहून बाहेर पडलो, तर एका बाईने थांबवलं. "पेपरात सिनेमावर तुम्हीच लिहिता ना? मी चांदवडच्या शेवंताबाईंची मुलगी."

शेवंताबाईंनी एकाच सिनेमात काम केलं, नायकाच्या आईचं. मी लिहिलं होतं, 'आई लाकडी वाटते.' तीनच शब्द. लोकांनी हसावं म्हणून लिहिले का? बहुतेक हो.

"आईला दुसरा सिनेमा आला होता. 'मला जमत नाय' म्हणून तिने सोडला."

"मी येतो चांदवडला. त्यांची माफी मागायचीय."

"मागच्या महिन्यात गेली ती."

तीन शब्द!

घरी येऊन तो सिनेमा पुन्हा लावला. मुलगा गाव सोडताना शेवंताबाई रडत नाहीत, नुसतं त्याच्या शर्टाचं बटण लावतात. किती खरं! तेव्हा मला दिसलंच नाही. मी मान खाली घालून वहीत लिहीत होतो.