फळ्यावरचा बिल्ला

३ नोव्हेंबर
सगळं बदललं ते परभणीच्या बसस्टँडवर, जिंतूरची गाडी लागलेली असताना. मी लग्नाचं काढलं तशी भक्ती म्हणाली, "घरी तुझं नाव काढायला मला काहीतरी दे की, नोकरीबिकरी. तुझा राग सोडून त्यांना सांगण्यासारखं काय आहे?" दुसऱ्याच दिवशी मी कॉलेज सोडलं. आज नोकरीचा पहिला दिवस! जिंतूरजवळची निजामाच्या काळातली लोखंडाची ओतशाळा, म्हणजे फाउंड्री, आता लोकांना बघायला जपून ठेवलीय, आणि मी तिथला गाईड. लोक सकाळी नेमगिरी, मग चारठाण्याची देवळं करून इकडं येतात. राखणदार येडबामामा म्हणाले, गाईड म्हणजे बिनकामाचा मुकादम. लय हसलो.

मामांचे वडील इथंच राबले. मामांनी भट्टी दाखवली. दोन पुरुष उंच, तळाला वाकून जाण्याइतकं लोखंडी दार. शेजारी खिळ्यांचा फळा. राख काढायला आत शिरणारा आपल्या नावाचा पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा, बाहेर आला की आपल्याच हातानं काढायचा. फळा मोकळा झाला की भट्टी पेटायची. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मामा म्हणाले, अजून बी नाही.

९ नोव्हेंबर
भक्तीचं ठरलं. मुलगा पाथरीचा. तिनं स्वतः फोन केला, तोही शांतपणे. "कॉलेज सोड म्हणून मी कधी सांगितलं?" असं विचारलं. माझं डोकं फिरलं. फळ्याखालच्या पेटीत जुने कोरे बिल्ले पडलेत. एकावर खिळ्यानं तिचं नाव कोरलं आणि तो फळ्यावर टांगला. "जळ," म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

११ नोव्हेंबर
तिची बहीण राजेश्री हिचा फोन आला. भक्तीला दोन दिवस ताप, रिपोर्ट सगळे चांगले. अंधार आहे, दार सापडत नाही, एवढंच बोलते. राजेश्रीनं तिचे हात धुतले तर पाणी काळं निघालं. मला घाबरवायला सांगतेय, असं वाटलं.

दुपारी सहल आली. मी भट्टीपुढं माहिती सांगत होतो, आतून खरवडल्याचा आवाज आला. एका बाईनं विचारलं, आत मांजर कोंडलंय का. दार उघडलं. भट्टी रिकामी. राखेत बोटं ओढल्याच्या खुणा, ताज्या.

१२ नोव्हेंबर
सकाळी पळत जाऊन तिचा बिल्ला काढला, खिशात घातला. वाटलं, सुटली.

मामांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी फळा बघितला. म्हणाले, "लेकरा, पोरगी आतच हाय. अन् फळा तू मोकळा केलास."

त्यांच्या वडलांच्या वेळी एका मुकादमानं असाच घाईत दुसऱ्याचा बिल्ला काढला होता. माणूस आत, आणि वरून भाता सुरू—

१३ नोव्हेंबर
भट्टी कोमट लागतेय. आत कोळसा नाही, लाकूड नाही. साठ वर्षं बंद पडलेला भाता आपोआप हलतोय. तिचा बिल्ला परत टांगला. पडला. परत टांगला. पडला. तिनं टांगलेला नाही ना तो—

फोनवर राजेश्री रडत होती. भक्तीचं अंग तव्यासारखं. पाठीवर फोड.

१४ नोव्हेंबर, सकाळ
भट्टीच्या दाराला हात लाववत नाही, इतकं तापलंय. आतून माझं नाव येतंय. तिचा आवाज. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

मामा म्हणतात, ज्याचा त्यानं टांगलेला बिल्ला फळ्यावर असेल तोवर जाळ थांबतो. टांगायचा तर आत शिरायचं. आतल्याला हात धरून आणता येतं. मी विचारलं, आणणारा बाहेर येतो का. ते उठून फळ्यावरची धूळ पुसायला लागले.

१४, दुपार
कोऱ्या बिल्ल्यावर माझं नाव कोरलं. टांगला.
पडला नाही.
भाता थांबला. दार निवतंय.

भक्ती, बाहेर निघालीस की थांबू नकोस. पाथरी तर पाथरी. माझ्यासाठी फळ्याकडं— नको, माझ्या बिल्ल्याला हात लावू नकोस.

बाहेर सहलीची बस लागलीय. माणसं उतरायलीत. मामा फळ्यापाशी एकटेच. त्यांना सांगायला हवं, कुणालाही माझ्या बिल्ल्याजवळ—

वही इथंच ठेवून निघालो. ऑफिसचं दार ओढून घेतो, आणि भट्टीत—