ओटीत गेलेल्या साड्या

डिंडोली, सुरत
११ एप्रिल १९९६

आदरणीय मेहुणे बळीराम आबा यांस सखाराम गुरुजींचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे तुमची बहीण सरलाबाई खुशाल. मीही बरा आहे, फक्त टोप्या फार झाल्या आहेत.

आमच्या वस्तीतली मराठी शाळा सातवीपर्यंतच. पुढची लांब, म्हणून पोरी घरी बसतात आणि बसल्या की त्यांची लग्ने ठरतात. तेव्हा जूनपासून अकरा पोरींना रिक्षा लावायची, असे मी मनावर घेतले. (वर्गात चालीवर कविता म्हणताना मागच्या बाकावरून येणारा पोरींचा सूर मला अजून दुपारच्या झोपेत ऐकू येतो. असो.) मार्केटातल्या एका शेठने साड्यांचा गठ्ठा दिला. छपाईत मोर सरकलेले, चोच एका मोराची, डोळा शेजारच्याचा. "लई जाओ मास्तर, छोकरीओना काम माटे छे," म्हणाला. पोरींच्या कामासाठी म्हणून पैसे घेतले नाहीत.

त्या विकून रिक्षाचे भाडे काढायचे होते. बायका जमाव्यात म्हणून चैत्राचे हळदीकुंकू ठेवले. आधी मी स्त्रीशिक्षणावरची स्वरचित कविता म्हटली. (कडवी चोवीस.) एकोणिसाव्या कडव्याला बायका उठल्या. माझे डोळे भक्तीने मिटलेले. तुमच्या भगिनींनी समोरच्या गठ्ठ्यातली एकेक साडी घालून एकेकीची ओटी भरली आणि सगळ्यांना वाटेला लावले. मी विचारले, तर म्हणाल्या, "सवाशीण रिकाम्या ओटीनं धाडू का?"

आपली माणसे आहेर अंगावर ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे नवरे टॉवेल-टोपी घेऊन हजर! मी रिक्षावाल्या भगवानला विचारले, भाड्यापोटी टोप्या चालतील का? तो म्हणाला, "मामा, रिक्षा पेट्रोलवर चालते."

शेवटी लूमवरचा सुपडू माझ्या डोक्यावर टोपी ठेवता ठेवता म्हणाला, "गुरुजी, भाडं आम्ही वाटून घेऊ. माझी कुंदन पहिली बसवतो. पण तुमच्या नातीचा, चंचलचा, आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा आहे म्हणे? तुमचीच घरी बसणार, तर आमच्या कशाला हिंडवता?"

मी टोपी नीट केली.

वहिनींना नमस्कार.

आपला,
सखाराम

ता. क. तुमच्या नातवासाठी चंचल द्यायचा शब्द दिवाळीत मीच दिला होता, तुमच्याकडची बासुंदी खाऊन. तो मीच परत मागतो. आखाजीला येऊ नये. आलात तर नुसते जेवायला यावे.

आणखी ता. क. अक्षर वळणदार वाटले असेल. माझा हात थरथरतो, म्हणून मी सांगितले आणि चंचलने लिहिले. वरचा ताजा कलम मात्र मी सांगायच्या आधीच लिहून तयार होता. मी तपासला. एकही चूक सापडली नाही, म्हणून सही केली.