तेरा वर्षं आणि पाच आठवडे

१४ ऑगस्ट
तासीच्या लष्करी अकादमीच्या अर्जाची सूत्रं आजपासून माझ्याकडे. पोरीचे मार्क उत्तम, धावण्यात अख्ख्या ग्वाम बेटावर तिसरी. उरली फक्त वैद्यकीय तपासणी. तिचं काही विशेष नाही. वीस वर्षं फौजेच्या पुरवठा खात्यात सार्जंट होतो. कागद पुढे कसा सरकवायचा हे मला कोणी शिकवू नये. बायकोला, म्हणजे दीताला, तसं सांगितलं. ती "हं" म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

रोज वही लिहायची.

३० ऑगस्ट
मध्ये वही राहिली. डोळे, कान, दात सगळं पास. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, वडिलांनी मात्र रक्तदाब दाखवून घ्यावा. विषय तासीचा होता, म्हणून दुर्लक्ष केलं.

१९ सप्टेंबर
वैद्यकीय मंडळाचं पत्र आलं. अपात्र. कारण: दमा. आम्ही हवाईत होतो तेव्हाची नोंद जुन्या फायलीतून कोणीतरी उकरून काढली.

नियम असा, की तेराव्या वाढदिवसाआधीचा दमा माफ, नंतरचा नाही. तासीची नोंद तेरा वर्षं पाच आठवड्यांची. पाच आठवडे! असले नियम करणाऱ्यांना पोरंबाळं नसावीत. पण सूट मागता येते. मागू. महिन्याभराचं काम.

दीतानं विचारलं, ही नोंद आली कुठून. म्हणालो, तेव्हा साथ होती. ती बघत राहिली. मी लाल भात आणखी वाढून घेतला.

२० सप्टेंबर
डोक्यात गोंधळ नको म्हणून एकदा लिहून ठेवतो. त्या वर्षी माझी बदली अलास्काला निघाली होती. मूल आजारी असेल, तर फौज त्या कुटुंबाला लांब पाठवत नाही. त्याच आठवड्यात तासीला खोकला झाला. निव्वळ योगायोग. डॉक्टरांना मी परिस्थिती नीट समजावून सांगितली, बस्स. तासीला एवढंच म्हणालो होतो, की आत गेल्यावर खोकला दाबून ठेवू नकोस. अलास्कात उणे चाळीस असतं. आपल्या बेटावरचा माणूस तिथं काय करणार?

ती लहान होती. तिला काही आठवत नाही.

११ ऑक्टोबर
फुप्फुसं मजबूत करण्याचा कार्यक्रम आखला. पहाटे पाचला समुद्रात पोहणं. ती पाण्यात, मी किनाऱ्यावर शिट्टी घेऊन.

१२ ऑक्टोबर
अलार्म वाजला नसावा. तासी एकटीच जाऊन आली.

२ नोव्हेंबर
गावच्या फिएस्ताला, म्हणजे जत्रेच्या जेवणाला, मेव्हणा किन भेटला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, खरं काय ते लिहून मोकळे व्हा. हा आयुष्यभर नौदलात आचारी. याला फायलींमधलं काय कळतं? म्हटलं, अरे, खरंच दमा होता तिला.

"दाजी, अलास्का कसा चुकवला ती गोष्ट तुम्हीच सांगितली होतीत ना, इथंच, शेगडीपाशी? हसून हसून पोट दुखलं होतं आमचं."

मी कोंबडीचं केलागुएन आणायला गेलो. रांग मोठी होती. परत आलो तेव्हा तो दुसरीकडे बसला होता. बरं झालं.

४ डिसेंबर, होनोलुलू
श्वासाच्या चाचणीला इथं लवकरची तारीख मिळाली, म्हणून आलो. सात तास विमानात. पाठ धरली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि छाती आवळणारं औषध थोडं थोडं वाढवत श्वासातून देतात. दमा असला की श्वास अडतो. मी काचेबाहेरून बघत होतो. शेवटच्या मात्रेलाही तिला काही झालं नाही. मला मात्र नर्सनं खुर्चीत बसवून पाणी दिलं.

जिंकलो. आता सूट खिशात.

१५ जानेवारी
खिशात नाही. मंडळ विचारतं, चाचणी इतकी स्वच्छ आहे, तर मग दम्याची नोंद झाली कशी? उमेदवारानं स्वतःच्या शब्दांत खुलासा करावा. तासीनं तासाभरात लिहिला. वाचायला मागितला, तर कागद पालथा घातला.

"नको डॅड. अकादमीतला पहिला नियमच आहे, खोटं बोलायचं नाही. सुरुवात तरी नीट होऊ दे."

म्हणालो, अर्थातच. मुलांना मोकळीक द्यावी, या मताचा मी आहे.

२० जानेवारी
मोठ्या माणसाची बाजूही फायलीत असायला हवी. पाच मसुदे केले. दमा खरा होता, चांगलाच होता. वडिलांच्या शिस्तीनं आणि रोजच्या पोहण्यानं तो समूळ गेला. हुद्द्यासकट सही केली. नोंद खोटी होती असं लिहून उगाच कोणाला अडचणीत कशाला आणायचं? माझ्या पेन्शनचा याच्याशी संबंध नाही. तरी नियम वाचून ठेवले.

पाठवून दिलं. तासीला सांगितलं नाही. तिची परीक्षा आहे.

६ मार्च
उत्तर नाही. म्हणजे काम चालू आहे. थकवा फार येतो. रक्तदाबाच्या गोळ्या उद्यापासून वेळेवर.

२ एप्रिल
सूट नाकारली.

कारण दिलंय. फायलीत दोन निवेदनं आहेत, एक उमेदवाराचं, एक वडिलांचं, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. कोणतं खरं हे ठरवता येत नाही.

तासीनं पत्र टेबलावर ठेवलं. दीतानं गॅस बंद केला. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

"मला सगळं आठवतं, डॅड. दवाखान्याच्या दाराशी तुम्ही म्हणालात, जोरात खोक. मी तुमच्यासाठी खोकले. तेच लिहिलं होतं मी. तुम्ही फक्त गप्प बसायचं होतं."

मी म्हणालो, नियमच चुकीचे आहेत. मग बराच वेळ बोलत राहिलो. थांबलो तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

३ एप्रिल
मंडळाला लिहिलं. तासी खरं सांगते. तिला दमा नव्हता. मी तिला खोकायला लावलं, मला अलास्काला जायचं नव्हतं. चार ओळी, एकच मसुदा. हुद्दा लिहिला नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द सुचत नाही.

२१ एप्रिल
उत्तर: पत्र फायलीला जोडलं आहे. यंदाची निवड संपली आहे.

९ जून
तासी वर्षभर इथल्याच विद्यापीठात शिकणार, आणि पुढच्या साली पुन्हा अर्ज करणार. चिवट आहे, माझ्यावर गेली आहे. नवा फॉर्म टेबलावर होता, सहज पाहिला. अक्षर सुंदर. 'पालकांची नावं' या रकान्यात दीताचं नाव, दीताचा फोन.

जागा पुरली नसावी.

हे वरचं वाक्य खोडतो. फॉर्मवर दीताच्या नावाखाली अख्खी ओळ रिकामी आहे.