धाकटीच्या चपला

२ नोव्हेंबर

आले एकदाची! बस चुकली, बॅगेचं चाक तुटलं, पण काम मिळालं, खोली मिळाली आणि वर मालकीणबाईंच्या हातचं गरम जेवण. मला काकू म्हण, म्हणाल्या. घरात तिघंच: काकू, त्यांचा मुलगा दादा आणि दादाची बायको, म्हणजे वहिनी. अंगण ओलांडलं की शेड. तिथे खेकडे पाळतात.

घरी कोण कोण आहे, हे काकूंनी दोनदा विचारलं. कुणी नाही, आईबाबा लहानपणीच गेले, वसतिगृहात वाढले, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझी तुटकी चप्पल बघून वहिनीने दाराजवळच्या रबरी चपला पुढे केल्या. अगदी माझ्या मापाच्या! आधी इथे एक धाकटी होती, तिच्या म्हणे. आता मला सगळे धाकटी म्हणतात. एका संध्याकाळीत नाव, नाती आणि चपला. आणखी काय हवं माणसाला?

४ नोव्हेंबर

शेडमध्ये उथळ टाक्या, टाक्यांत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या, एका पेटीत एक खेकडा. दोघांना एकत्र ठेवलं तर एकमेकांना खातात. खेकडा वाढला की जुनं कवच टाकतो. नवं कडक व्हायच्या आत त्याला उचलायचं, कारण हॉटेलांना मऊ खेकडाच लागतो. मी दिवसभर झाकणं उघडून बघत फिरते. ही वही आणि पेन्सिल ॲप्रनच्या खिशात असते, चहा पिता पिता चार ओळी होतात.

आज एकाची नांगी झाकणात अडकली. मी सोडवायला गेले, तर पठ्ठ्याने नांगी तिथेच टाकली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. रडकुंडीला आले मी! दादा हसायला लागला. म्हणाला, धरलं गेलं की तो जोडापाशी स्वतःच तोडतो, त्याला काही होत नाही. नवी नांगी फुटते, पुढचं कवच टाकलं की बाहेर येते. पडलेली नांगी त्याने मागच्या हौदात टाकायला ठेवली. तुटलेलं, मेलेलं सगळं तिकडेच जातं.

९ नोव्हेंबर

मागचा हौद पाहिला. शेडमागे भिंतीआड आहे, अंगणाकडे उघडणारं एकच दार; दगडी, वर फळ्यांचं झाकण. पाणी इतकं काळं की बादली जेमतेम बुडवली तरी तिचा तळ दिसेना. सगळ्या टाक्यांना पाणी तिथूनच येतं. या पाण्यात नांग्या लवकर येतात, हौद आहे म्हणून घर आहे, असं काकू म्हणतात.

तिकडे एकट्याने जायचं नाही. चौघं मिळून जातो. बादली घेऊन मी पुढे, तिघं माझ्या मागे. कुणीतरी आपल्या पाठीशी उभं असणं कसं असतं, मला माहीतच नव्हतं. डोळे भरून आले. खेकड्यांच्या बादलीत आसवं गाळणारी मी पहिलीच असेन.

१५ नोव्हेंबर

आज घरचा फोटो काढला. वहिनीने मला पिवळा ड्रेस दिला, अंगावर मापून शिवल्यासारखा बसला. चौघांत मीच कडेला, बत्तीस दात काढून.

संध्याकाळी दादा फोटो छापून आणून चौकटीत घालायला गेला आणि चौकट हातातून निसटली. आतून जुने फोटो विखुरले. सगळ्यांत हीच तिघं. हाच पिवळा ड्रेस. ड्रेसमधली मुलगी मात्र दर वेळी निराळी. वहिनीने भराभर गोळा केले. काकू म्हणाल्या, मुली येतात, कुणाचं लग्न ठरतं, कुणी कंटाळून जाते. मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. सगळ्या माझ्याच उंचीच्या होत्या.

१९ नोव्हेंबर

हौदाच्या फळ्या सरकलेल्या असतात. विटा ठेवल्या, तरी दुपारी पुन्हा सरकलेल्या. घराच्या मोरीतही जाळीखालून काहीतरी घासतं. काकू आता धडधाकट खेकडेही हौदात टाकायला लावतात. तरी भागत नाही, असं दादा पुटपुटला. कुणाचं भागत नाही, विचारलं तर बादली उचलून चालता झाला.

सकाळी वहिनी मोरीतून किंचाळत बाहेर आली. तिच्या घोट्यावर लाल वळ. नंतर तिघं स्वयंपाकघरात कुजबुजत होती, मी गेले तशी ताटं मांडायला लागली. काकूंनी मला आग्रह करकरून वाढलं.

२१ नोव्हेंबर

जाते म्हणून सांगितलं. भीती वाटते, हेही सांगितलं. काकूंनी माझा हात धरला. रडल्या. तू गेलीस तर हे घर लंगडं होईल, म्हणाल्या.

थांबले. मला आजवर कुणी जाऊ नकोस म्हटलं नव्हतं.

दादा फोनवर कुणाला तरी सांगत होता — हो, राहायची सोय आहे. माझ्या मदतीला आणत असेल कुणी, असं मनाशी म्हटलं.

२३ नोव्हेंबर, दुपार

हौदावर गेलो. मी पुढे. फळ्या नव्हत्याच. मागे वळले — मागे कुणी नव्हतं. काठावरून पाय घसरला.

घोट्याला धरलंय. पाय पाण्यात. ओढत नाही, नुसतं धरून आहे. गार, कडक. हाका मारल्या. तिघंही धावत आली. किती बरं वाटलं मला! दादा वाकला. माझ्या मोकळ्या पायातली चप्पल काढून घेतली. दुसरी पाण्यावर तरंगत होती, तीही उचलली.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दोघांना म्हणाल्या, धरलं गेलं की तिथेच टाकायचं, नवी येते.

तिघंही गेली. दाराला बाहेरून कडी —

नंतर

दाराच्या फटीतून अंगण दिसतं. चपला धुऊन उन्हात ठेवल्यात. दोरीवर पिवळा ड्रेस.

२४ असावी

अजून धरलेलं. गुडघ्यापर्यंत आलंय. खालचा पाय कळत नाही.

बादलीत पेट्यांच्या दोऱ्या कापायची कात्री आहे. हात पोचतो. गुडघ्याचा जोड — खेकड्याला जमतं —

मी त्यांची नांगी नाही. मी पण जिवंत —

धरली कात्री. आता —

अंगणात बॅगेचं चाक वाजतंय. कुणी मुलगी हसतेय. काकू विचारताहेत, घरी कोण कोण आहे. पुन्हा विचारताहेत —

ओरडतेय मी. घशातून आवाजच —

वहिनी म्हणतेय, घालून बघ, होतील तुला —

पळ गं. घालू नकोस, त्या माझ्या —