ज्वारीत शिरणाऱ्या मेंढ्या

३ नोव्हेंबर १९९२, मंगळवार

नवा ३८६ आला! बन्सीधरकाकांनी नारळ फोडला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला हळदकुंकू लावलं – थेट काचेवर! पुसता पुसता माझ्या नाकी नऊ आले. क्लास त्यांचा, टायपिंग शिकवणारी मी, म्हणजे पुसायचं मीच.

पहिल्यांदा चंद्रभानच्या मेंढ्या लावल्या. त्यानेच लिहिलेला खेळ. डावीकडून मेंढी निघते, पाठीवर अक्षर. अक्षर टाइप केलं की ती माघारी फिरते, नाही तर उजवीकडच्या ज्वारीत शिरते. क्लासमधल्या पोरींची बोटं या मेंढ्यांनीच वळवली.

आज पडदा नुसता लुकलुकला. सगळा कळप ज्वारीत! एक मेंढी दिसली असेल तर शपथ.

"जाऊ द्या मॅडम, खेळच तर हाय," काका म्हणाले. जुन्या कॉम्प्युटरचा डबा त्यांनी अदलाबदलीत दिलाय. सोळा तारखेला कंपनीवाले घेऊन जातील. मेंढ्याही त्याच्याबरोबर जाणार.

५ नोव्हेंबर

खेळच आहे, खरंय. मग मला जेवण का गेलं नाही?

चंद्रभान आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवायचा. जूनमध्ये पुण्याला नोकरीला गेला. मूळचा राणीसावरगावचा, वडील मल्हारीमामा अजून मेंढरं राखतात. पडद्यावरच्या मेंढ्या त्यांच्याच कळपातल्या, असं तो पोरींना सांगायचा आणि पोरी खरं मानायच्या.

तो होता तेव्हा मी एकही मेंढी ज्वारीत जाऊ दिली नाही. पोरी हरायच्या, काका हरायचे, तो स्वतः हरायचा. "बाई, तुमच्या बोटाला काय मोटार बसवली का?" तो गेला आणि मीही हरायला लागले. बोटं तीच, डबा तोच. मनच लागत नाही, दुसरं काय!

६ नोव्हेंबर

वालूरचं स्थळ आलंय. मुलगा शेतकी खात्यात. नाना म्हणाले, तुळशीचं लग्न झालं की होकार कळवू. माझा होकार कुणी विचारलाच नाही. विचारला असता तर काय सांगितलं असतं, तेही कळत नाही.

९ नोव्हेंबर

एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. मेंढ्यांची हकीकत ऐकून चंद्रभान हसतच सुटला.

"३८६ म्हंजे आपल्या जुन्या प्रोसेसरचा नातू, बाई. आजोबाची बोली त्याला समदी कळते, म्हणून तर खेळ चालायलाय. पण पोरगं लय पळतं!"

मेंढीच्या दोन पावलांमध्ये मशीनने उगीच पाचशेपर्यंत आकडे मोजायचे, असं त्याने लिहून ठेवलंय. तेवढीच मेंढीची विश्रांती. नवं मशीन ते आकडे पापणी लवायच्या आत मोजून मोकळं होतं. मी चिडले – घड्याळ बघून चालवायच्या होत्या मेंढ्या!

"आवो, अख्ख्या क्लासात एकच मशीन. दुसरं येईल असं कुणाला वाटलं होतं?" मग म्हणाला, "आकडा वाढवून बघा. न्हाईच जमलं तर रविवारी येतो मी."

स्थळाचं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

१२ नोव्हेंबर

जमलं! त्याच्या लिहिलेल्याला हात लावायची भीती वाटत होती, पण लावला. पाचशेचे नऊ हजार केले आणि मेंढ्या नव्या मशीनवर रमतगमत चालायला लागल्या. पोरींनी टाळ्या पिटल्या, काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

त्या गडबडीत माझं कोपर नव्या डब्यावरच्या एका बटनाला लागलं. पुढचा दिवा विझला आणि मेंढ्या एकदम मंदावल्या.

"ते टर्बोचं बटन," काका म्हणाले. "दिवा विझला की मशीन दमानं चालतं, जुन्या प्रोग्रामला झेपावं म्हणून. तरी आजोबाइतकं हळू न्हाई होत ते. जुन्या डब्याला बी हाय की!"

आहे! रोज बघत आले, नुसतं दिव्याचं समजत आले. आणि माझा डाव आला की चंद्रभान रुमालाने डबा पुसायचा. "बाईंच्या डावाला धूळ नको." दर वेळी. मी उठले की पुन्हा पुसायचा.

जुन्या डब्यापाशी गेले. दिवा लागलेला. बटन दाबलं, दिवा विझला. खेळायला बसले. एकही मेंढी ज्वारीत गेली नाही.

लबाड! मेला! आणि मी अख्ख्या परभणीत मिरवत होते. खूप राग आला, आणि हसूही आवरेना. पोरी विचारत होत्या, "मॅडम, डोळ्यात काय गेलं?" धूळ, म्हटलं.

१४ नोव्हेंबर

नानांना म्हटलं, वालूरला होकार कळवू नका. "का?" – पुन्हा पुन्हा विचारलं. चपला घालून ते झरीच्या शेतावर निघून गेले. माय म्हणाली, "जेव आधी." भाकरीवर तूप मात्र तिने जास्तच वाढलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

क्लास बंद, किल्ली माझ्याकडे. चंद्रभान आला. नव्या मशीनवरच्या मेंढ्या पाहून खूश झाला. मग टर्बोचा दिवा लावून मी जुन्या डब्यापुढे बसले. त्याने सवयीने रुमाल काढला. त्याचा हात बटनाशी पोचायच्या आत मी धरला.

सगळ्या मेंढ्या ज्वारीत शिरल्या. मी हात सोडला नाही.