गोलातलं बुजगावणं

रविवार, १२ जानेवारी १९५८

देवबागला तीन-शून्य धुतलं! ओहोटीची कडक वाळू, वारा आमच्या पाठीवर. फुटबॉलच्या ढालीसाठी आमच्या वाडीचा संघ सगळ्यांच्या पुढे. गोलामागे माझंच जुनं जाळं बांधलंय — समुद्रातून त्यात इतका माल कधी आला नव्हता. त्यांच्या गोलकीपरला मी काठावरून सारखा विचारत होतो, "गोलात बुजगावणा कित्याक उभा केल्यात रे?" लोक पोट धरून हसले.

संध्याकाळी आमच्या लेकीला, विमलाला बघायला देवबागचे पाहुणे यायचे होते. आले नाहीत. वारा पडला, होडी निघेना म्हणे. कुठे पडला होता वारा?

सोमवार, २७ जानेवारी

काल आचऱ्यावर दोन-शून्य. बुजगावण्याचं पुन्हा म्हटलं, थोडं लांबवून. गोलकीपर रडवेला झाला.

आज आचऱ्याहून विमलाची पत्रिका परत. जुळत नाही म्हणे. गेल्या आठवड्यात जुळत होती! विमलाची आई माझ्याकडे बघत राहिली. का, कोण जाणे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आता तारकर्लीचं स्थळ. मुलगा रविकांत. स्वतःची होडी, फुटबॉलही खेळतो म्हणे. विमलाला पसंत दिसतो. त्याचे वडील दाजी आत्ताच ढालीच्या कमिटीत आलेत, यापुढे प्रत्येक सामन्याला हजर असणार. म्हणजे माणूस जाणकार!

संध्याकाळी विमलाची आई गुरुदासच्या घरी गेली होती. गुरुदास आमचा गोलकीपर. काय काम होतं ते सांगेना.

रविवार, १६ फेब्रुवारी

हरलो. मसुऱ्याकडून! भात लावणारी माणसं! गुरुदासच्या हातून बांगडा कधी निसटला नाही, आज चेंडू निसटला. दोनदा.

हरताना माझी वाचा बसते. वाळूवर गप्प बसून राहिलो. दाजी शेजारी येऊन बसले, तंबाखू दिली.

रविवार, २३ फेब्रुवारी

पुन्हा हरलो. लिहवत नाही.

सोमवार, ३ मार्च

कालही! आमचा गोल मारणारा बाळा, त्याच्यासमोर उघडा गोल — त्याने चेंडू समुद्रात घातला. गुरुदास तर येणाऱ्या चेंडूला वाट करून देतो, सोवळ्यातल्या माणसाला द्यावी तशी. जेवण गेलं नाही. माझं जाळं सोडून आणावं म्हणतो.

दाजींचे शब्द कुणीतरी आणून सांगितले — "विमलाचो बापूस भारी शांत माणूस."

मी?

शुक्रवार, १४ मार्च

गुरुदासला माडाखाली गाठलं. आधी पाय वाळूत घोळवत राहिला, मग बोलला. "काकीन हात जोडल्यान, हरा म्हणान. आमी काय करतलंव? तुमी जिंकलास काय तोंड सोडतास."

घरी येऊन हिला विचारलं. चुलीवरून मान वर न करता म्हणाली, "दोन स्थळां तुमच्या तोंडापायी गेली. तुमका ढाल होयी काय जावय होयो?"

मला दोन्ही हवं होतं. तसं म्हटलं नाही. विमला दारात उभी होती, डोळे लाल. फार लाज वाटली.

शनिवार, १५ मार्च

गुरुदासला सांगून आलो, "खेळ. जीव लावून खेळ. मी येवचंय नाय." उद्याचा सामना शेवटचा, आणि तारकर्लीशीच! जिंकलो तर अजूनही ढाल आमची.

रविवार, १६ मार्च

दुपारभर घरी बसून जाळं विणलं. सगळ्या गाठी चुकल्या. किनाऱ्यावरून आरडाओरडा येत होता. मायलेकी सामना बघायला, आणि मी घरात!

तिन्हीसांजेला दोघी आल्या. ढाल आमची! एक-शून्य, गोल बाळाचा! मी उडी मारणार, तोच विमलाची आई मटकन खाली बसली.

"तुमी घरात ऱ्हवलास, पण ह्या तुमच्या चेडवाक, विमलाक कोण आवरतलो? दाजींच्या कानाकडे उभी रवान वरडली — गोलात बुजगावणा कित्याक उभा केल्यात रे!"

तारकर्लीच्या गोलात रविकांत होता.

विमलाचा घसा पार बसलाय. भाकरी तशीच झाकून ठेवली.

मंगळवार, १८ मार्च

तारकर्लीचा होकार आला. रविकांत अजून हसतोय म्हणे. दाजींचा निरोप — "असलो घसो आमच्या बाजूक होयो. लगीन फुडल्या सामन्यांच्या आधी."

म्हणजे पुढच्या वर्षी विमला पलीकडे उभी राहून आमच्या गुरुदासला ओरडणार. घर आत्तापासूनच गप्प वाटतंय.