केशरी जाळीखालची माती

३ सप्टेंबर
आलो एकदाचे! फुट्सक्रे या उपनगरात, नदीकाठी, स्वतःच्या घरात. चामड्याच्या कारखान्याच्या जागी आता एकसारख्या घरांची रांग. समोर क्रेन घरघरतात, धूळ येते, तरी मला सगळंच आवडतंय. नगरपालिकेनं हा कारखान्यांचा पट्टा राहण्यासाठी मोकळा केला नसता, तर मला आणि माझ्या नवऱ्याला, ब्रेटला, या शहरात खुराडंसुद्धा परवडलं नसतं. एजंटानं एकच बजावलं: अंगण खणायचं नाही, हवं तर कुंड्या ठेवा. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

६ सप्टेंबर
लिंबाशिवाय अंगण कसलं! हातभर खणल्यावर प्लॅस्टिकची केशरी जाळी लागली. बिल्डरचा कचरा समजून कापून टाकली. खालची माती काळी, लोण्यासारखी मऊ. झाड लावलं. लिंबाला पुरुषाचं मूत मानवतं, हा ब्रेटच्या आजोबांचा मंत्र. बिअर संपली की स्वारी अनवाणी झाडाशी. मी म्हटलं, लाज बाळग, शेजारी बघतायत. म्हणतो कसा, बघू देत की, फुकटचं खत आहे! दंडावर ‘केरी’ असं माझं नाव गोंदवून मिरवणारा माणूस, त्याला कसली लाज.

१५ सप्टेंबर
झाड खांद्याला लागलं. लिंबंही धरली! रोज सरबत करतेय. गल्लीपलीकडच्या, मूळच्या माल्टा देशातल्या कार्मेना आजी कुंपणाशी आल्या होत्या. त्यांचं सारं आयुष्य त्याच कारखान्यात गेलं. ब्रेटचं खत ऐकून खूप हसल्या. म्हणाल्या, अगं पोरी, जुने लोक कातडी मुतातच भिजवायचे. आधी केस गळतात, मग रंग चढतो, मग ताणून वाळत घालायचं. जाळी कापल्याचं सांगितलं आणि त्यांचं हसू मावळलं. ती जाळी म्हणजे खाली कारखान्याची माती गाडल्याची खूण, तिच्याखालचं तिथंच राहू द्यायचं होतंस, एवढंच म्हणाल्या. दिलेली लिंबं कुंपणावरच ठेवून गेल्या.

२१ सप्टेंबर
ब्रेटच्या उशीवर केसच केस. भुवयाही गेल्या. बापावर गेलोय म्हणतो. बापाच्या डोक्यावर तर जंगल आहे. आज लिंबू सोलताना सालीवर लव लागली. ब्रेटच्या केसांसारखी, सोनेरी. मला भीती वाटतेय. सगळी लिंबं फेकली. झाडाशी जाऊ नकोस म्हणून त्याला हात जोडले.

२५ सप्टेंबर
जातोच. उभाच राहतो तिथे — घोट्यापर्यंत मातीत. अंग तपकिरी झालंय, घासून निघत नाही. आईकडे जाऊ म्हटलं, गाडी काढली. आला नाही. नुसता हसला, आणि गाल नव्या बुटासारखे करकरले. त्याला टाकून मी जाऊ कशी?

२६ सप्टेंबर
झाडावर कुऱ्हाड घातली. किंचाळला तो ब्रेट — आत, घरात. पुन्हा उचलवेना.
शेजारचं जोडपं खणतंय. आमचं झाड पाहून त्यांनाही लिंबू हवंय. जाळी कापू नका म्हणून मी ओरडले. ते हसले — कापतायत —

२७ सप्टेंबर
सकाळी ब्रेट कुठेच नाही. कुंपणावर तपकिरी कोट वाळत घातलाय, ताणून, खिळ्यांनी. ब्रेटकडे तपकिरी कोट नाही —
बाहीवर माझं नाव आहे.
पळते. केस तेवढे बांधून — हातात — सगळेच हातात आले —